दीडशे स्तोत्रं

चष्मेवाल्याने गावातल्या निम्म्या नाकांवर चष्मे चढवले होते. पण आईच्या डोळ्यांना आता कुठलीच काच लागू पडत नव्हती. तसंही अकरा वर्षांत तिने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. ज्यू घरातल्या या मुलाने बाप्तिस्मा घेतला, त्या दिवशी घराचं दार त्याला बंद झालं.

पंचाईत झाली ती स्तोत्रांमुळे. आईला रोज एक हिब्रू स्तोत्र लागायचं. तिच्याजवळ राहणारा थोरला धर्माला इतका पक्का, की शनिवारी, विसाव्याच्या पवित्र दिवशी, दिव्याचं बटणही दाबत नसे. पण त्याच्या प्रार्थना सगळ्या ऐकून पाठ झालेल्या. हिब्रू अक्षरं शिकला होता तो एकटा हा धाकटा, बापाच्या मांडीवर बसून.

"बोलव त्याला," आई शेवटी थोरल्याला म्हणाली. "दीडशे स्तोत्रं आहेत. रोज एक वाचायचं आणि चालू लागायचं. बाकी बोलणं नाही."

म्हणजे दार दीडशे दिवस उघडं. चष्मेवाल्याने तेवढंही पदरात पाडून घेतलं. दुपारी एकला दुकान बंद करून तो यायचा आणि उंबऱ्याशी उभा राहून वाचायचा. बस म्हणायचं नाव नाही. चुका मात्र एकूण एक पकडल्या जात.

"तुम्ही परत तिकडे जाताय की काय?" चर्चच्या पाद्र्यांनी काळजीने विचारलं.

"रोज दुपारी," तो म्हणाला.

बाविसाव्या स्तोत्राच्या सुरुवातीलाच, 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस' या शब्दांवर, तो थांबला.

"काय झालं?"

"हे येशू म्हणाला होता. क्रुसावर."

आई म्हणाली, "त्याच्या आईने शिकवलं असेल. वाच पुढे."

एकशे एकोणिसाव्यात एकशे शहात्तर ओळी. चाळिसाव्या ओळीला तिने पायाने खुर्ची पुढे सरकवली. बसल्यावर त्याला धीर आला.

"आई, मी घर सोडलं नाही गं. एक खोली वाढवली, इतकंच."

"बिनपरवाना," आई म्हणाली.

शेवटचं स्तोत्र शुक्रवारी आलं. सहाच ओळी. त्याने त्या जमेल तितक्या लांबवल्या. संपताच थोरला मोबाईल घेऊन पुढे झाला. "आई, यात सगळी आहेत. हा चुकत नाही. आता धाकट्याला रोजची खेप नको."

मोबाईल वाचू लागला. स्वच्छ, न अडखळता. चष्मेवाला टोपी हातात धरून उभा राहिला.

"छान वाचतो," आई म्हणाली. "पण मी याला शिकवू काय? बंद कर ते."

मग धाकट्याच्या दिशेने मान वळवून, "उद्या पहिल्यापासून. परवा रविवार, तुझं चर्च असेल. ते उरकून ये."

थोरल्याने मोबाईल बंद न करताच खिशात कोंबला. तो आत बराच वेळ वाचत राहिला.