अडीच तासांची सही

गुंडांनी मला जेवढं छळलं नसेल तेवढं एका म्हाताऱ्या पंचाच्या सहीने छळलं, म्हणून ती घटना आजही स्वच्छ आठवते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी घाटकोपरला फौजदार होतो. वरून खबर आली की पकडलेल्या एका हेराने आमच्या हद्दीतल्या एका माणसाचं नाव घेतलंय. हा बंदरातल्या एका कचेरीत कारकून. दहा वर्षांपूर्वीच्या युद्धात आपली जहाजं कधी सुटणार, हे त्याने शत्रूला कळवलं होतं. आम्ही त्याला ताब्यात घेतलं.

दोन दिवस त्याने ताकास तूर लागू दिली नाही. अंगाला हात लावायचा नाही, असं मी बजावलं होतं. वळ दिसले असते तर कोर्टात आमचीच वाट लागली असती. तिसऱ्या दिवशी हेराचा जबाब वाचून दाखवला. त्यात याच्या मनगटावरच्या भाजल्याच्या डागाचाही उल्लेख होता. तो खचला. "पत्रं घरात आहेत, दाखवतो," म्हणाला. साथीदार उद्या उलटले तर हाताशी असावीत म्हणून त्याने ती जपली होती. लबाड माणसाचा कुणावरच भरवसा नसतो.

पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. आरोपीने पंचांसमक्ष वस्तू काढून दिली तर तो पुरावा. आमचा नेहमीचा पंच, नाक्यावरचा पानवाला, नेमका गावी गेलेला. मग आरोपीच्या चाळीतलाच एक इस्त्रीवाला आणि त्याच्या शेजारचे एक निवृत्त गिरणी कामगार, मालवणकडचे, असे दोघे घेतले. त्याची म्हातारी आई बघत असताना आरोपीने माळ्यावरून गणपतीचा पाट काढून दिला. वर्षातून एकदाच हात लागणाऱ्या त्या पाटाखाली पत्रा ठोकून आत पत्रं ठेवली होती. हवालदाराने सवयीने खरडलं, 'माळ्यावरील लाकडी फळी'.

"काका, सही करा," मी त्या गिरणी कामगारांना म्हणालो.

"साहेब, ही फळी न्हय, गणपतीचो पाट आसा. आणि पत्र्याचे खिळे खंय लिवलास?"

पुन्हा लिहिलं. मग खिळे मोजले, पत्रं मोजली, परत वाचून दाखवलं. अडीच तास गेले. मी वैतागून त्यांना नको ते बोललो.

खटला उभा राहीपर्यंत दोन वर्षं गेली. आरोपी चाळीत सगळ्यांचा लाडका होता, त्यामुळे लोक काकांशी बोलेनासे झाले. काका साक्षीत उलटले असते तर देशाशी दगा करणारा माणूस सुटला असता. मला जेवण जात नव्हतं.

बचावाचे वकील काकांच्या सहीवरच तुटून पडले. "पोलिसांनी दाखवलं तिथे सही केलीत, हो ना?"

"सही करूक अडीच तास लावलंय मी," काका म्हणाले. "ह्या साहेबांका विचारा, माका किती गाळी घातल्यानी."

न्यायाधीशही हसले. माझे कान तापले, पण छातीवरचा धोंडा तेव्हाच उतरला. मग काकांनी पाट, पत्रा, खिळे सगळं न अडखळता सांगितलं. गुन्हा शाबीत झाला. मी कोर्टाच्या आवारात येऊन बाकावर बसलो आणि कितीतरी दिवसांनी चहाची चव लागली.

काका जवळ आले. मी माफी मागितली. ती कानाआड करून ते म्हणाले, "त्याका एकदा भेटूक मिळात काय?"

मला वाटलं, चार शब्द सुनावणार; तरी त्यांना घेऊन गेलो. बेड्या घातलेल्या त्या माणसाने मान वर केली नाही. काका त्याला म्हणाले, "आवशीची काळजी करू नको. तिचा जेवण आमच्याकडसून जाता."

खरी साक्ष द्यायला माणसाचा राग असावा लागत नाही. पंधरा वर्षांच्या नोकरीत हे मला कोणी शिकवलं नव्हतं.