सात मिनिटांचा धवला

रंजनाची खुर्ची आठ-नऊ दिवस रिकामी दिसत होती, पण मला वाटलं, मुलाची परीक्षा असेल. शेवटी तपासलेल्या पेपरांचे गठ्ठे जमा करायला कॉलेजच्या ऑफिसात गेले, तेव्हा सहज विचारलं. शेजारच्या टेबलावरून उत्तर आलं, “तिच्या सासूबाई गेल्या ना मॅडम. आज दहावा आहे.” मी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि तिथल्याच बाकावर बसले. पनवेलच्या या कॉलेजात रंजना आणि मी एकाच मजल्यावर काम करतो. तिची सासू म्हणजे आमची धाकूबाय. जिच्या गाण्यावर आमच्या ‘ओटा’ची निम्मी ओळख उभी होती, ती धाकूबाय गेली आणि मला दहा दिवस पत्ता नव्हता... कुणी कळवलं नाही म्हणून रागावण्याचा हक्क मला नव्हता. कळवावं असं आमच्यात काही उरलं नव्हतं, आणि ते मीच उरू दिलं नव्हतं.

‘ओटा’ म्हणजे खारघरमधल्या आमच्या सोसायटीत सुरू झालेला एक छोटासा उपक्रम. पुण्याहून इथे राहायला आले तेव्हा एकाच मजल्यावरची चार दारं सतत बंद असायची, याचा मला फार त्रास व्हायचा. आमच्याच इमारतीतले कुलकर्णीकाका, निवृत्त इंजिनियर आणि हौशी पेटीवाले, त्यांनाही तसंच वाटत होतं. दोघांनी मिळून ठरवलं, महिन्यातल्या एका रविवारी सकाळी क्लबहाऊसच्या पायऱ्यांवर जमायचं, आणि आसपासच्या एखाद्या कलावंताला बोलवायचं. कार्यक्रम करायचा नाही, नुसतं त्याच्यासोबत बसायचं. पनवेलचा कुंभार आला, उरणचा होड्या रंगवणारा आला, आमच्याच सी विंगमध्ये राहणारी आणि कुणालाच ठाऊक नसलेली बासरीवादक आली. आणि एके दिवशी रंजनाच्या दिराच्या हळदीला मी ओवे गावात गेले, तिथे मला धाकूबाय सापडली.

दारात मांडव, मांडवात माणसापेक्षा उंच स्पीकर. त्या आवाजातून वाट काढत आत गेले, तर माजघरात तांदळाच्या पिठाच्या चौकाशी एक काटकुळी म्हातारी मांडी घालून गात होती. बाहेरच्या दणदणाटाशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. आगरी लग्नात विधी चालतात ते धवलारणीच्या गाण्यावर, त्या गाण्यांना धवले म्हणतात, एवढं मी शिकवण्यापुरतं वाचलेलं होतं. प्रत्यक्ष पहिल्यांदाच ऐकत होते. मी दारात उभी राहिलेली पाहून ती थांबली आणि म्हणाली, “बस गो बाय. उभ्या मानसासमोर गाता येत नाय. वाटतं, आता जाईल.” मी बसले. दोन तास उठले नाही.

त्यानंतर ती आमच्याकडे येऊ लागली. पहिल्या रविवारी गेटवरच्या वॉचमनने तिच्यापुढे नोंदवही सरकवली. “मला लिवता येत नाय, तूच लिव,” असं म्हणून तिने नाव सांगितलं. कुणाकडे जायचंय, विचारल्यावर म्हणाली, “सगल्यांकडं.” त्या भल्या माणसाने तसंच लिहून घेतलं. तिने पार्किंगच्या फरशीवर चौक कसा भरायचा ते शिकवलं. शनिवार-रविवार घराबाहेर न पडणाऱ्या आयटीतल्या पोरी गुडघ्यांवर बसून बोटांतून पीठ सोडायला शिकल्या. कुलकर्णीकाका तिचा सूर पेटीवर शोधायचे आणि तो दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी असायचा. “पेटीला माजं गानं कलत नाय, आनि तुमाला पेटी,” असं ती म्हणाली की काका सगळ्यांत आधी हसायचे. तिच्या सासरची शेती कुठे होती, असं एकदा कुणीतरी विचारलं. तिने क्लबहाऊसच्या मागे नुसता हात केला. “थय. आता तिकडं तुमी पोवता.” तिथे आमचा तरणतलाव आहे. ती हे सहज म्हणाली, आणि आम्हीच खाली बघायला लागलो.

तीन वर्षं असं चाललं. मग आम्हाला मोठं व्हावंसं वाटलं. आम्हाला नव्हे, मला वाटलं, असं खरं लिहायला हवं. इतर सोसायट्याही सामील झाल्या होत्या, तेव्हा पनवेलमध्ये सभागृह घेऊन सगळ्या कलावंतांचा एक कार्यक्रम करायचा ठरला. पाहुणे, निवेदन, प्रकाशयोजना... निवेदन माझ्याकडेच होतं. चौदा जण सादर करणार होते आणि प्रत्येकाला सात मिनिटं. धाकूबायचा धवला पाऊण तासाचा. तो मी तिच्याकडून ऐकून जेवढा जमला तेवढा कागदावर उतरवला होता, नावं तर पहिली दोन-चारच. तो कागद आणि लाल पेन घेऊन मी ओव्याला गेले.

धवल्यात आधी सगळ्यांना आवतण असतं. गावदेवीला, बापदेवाला, खाडीला, चंद्रसूर्याला, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. मिठागरावर राबता राबता गेलेले सासरे, बाळंतपणात गेलेली नणंद, सगळे. मी म्हटलं, “मावशी, हा नावांचा भाग लांबतो. समोरच्या लोकांना ही माणसं माहीत नाहीत. हा काढू या.”

तिने कागद हातात घेऊन पाहिला. वाचता येत नव्हतं, पण लाल रेघा दिसत होत्या.

“कोनाला वगलू, तू सांग,” ती म्हणाली. “आवतान दिलं का ती निगतात तिकडून. मंग दारातून परत धाडू?”

“एकदाच, मावशी. सात मिनिटांचा प्रश्न आहे.”

“बरं,” ती म्हणाली.

तिच्या त्या ‘बरं’चा अर्थ मी मला सोयीचा तेवढाच घेतला.

कार्यक्रमाच्या दिवशी ती हिरव्या नऊवारीत आली, रंगमंचावर मांडी घालून बसली आणि डोळे मिटून गायला लागली. सभागृह शांत झालं. सात मिनिटं झाली तेव्हा ती सासऱ्यांपर्यंत पोचली होती. तिने काहीच वगळलं नव्हतं. आठ झाली. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं, विंगेत पुढच्या नाचाच्या मुली खोळंबल्या होत्या. मी ध्वनिव्यवस्थेकडे हात केला, तिचा माइक बंद झाला. मी हसत रंगमंचावर गेले आणि तिचं गाणं चालू असताना म्हणाले, “धाकूबाईंचे मनापासून आभार! एकदा जोरदार टाळ्या...” टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत ती गातच होती. थांबली नाही. नाचाच्या मुली तिच्या अंगावरून जाऊ लागल्या, तेव्हा ती सरकत सरकत कडेला गेली आणि तिथे बसून, माइक नसताना, कुणी ऐकत नसताना, तिने उरलेली नावं घेतली. मग उठली. मी तेव्हा पाहुण्यांना शाल देत होते.

दुसऱ्या दिवशी जायला हवं होतं. चार दिवसांनी जाऊ म्हटलं, मग महिना गेला, मग तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न दर आठवड्याला मोठा होत गेला. ती रविवारी येईनाशी झाली. ‘ओटा’वर कुणी विचारलं तर मी सांगायचे, वय झालंय आता त्यांचं. रंजना कॉलेजात समोर आली की दोघीही कामाचंच बोलायचो. पुढच्या वर्षी एकदाच ती आपणहून माझ्या टेबलाशी आली. “सासूबाईंनी निरोप दिलाय मॅडम. म्हणाल्या, बायला सांग, आता इसरायला होतंय, लिवून घे सगलं.” मला इतकं हलकं वाटलं! धाकूबाय माझ्यावर रागावली नव्हती, किंवा रागावली असूनही बोलावत होती. मी म्हटलं, “येतेच. परीक्षा संपल्या की लगेच.” परीक्षा संपल्या, तेव्हा कॉलेजची तपासणी करायला नॅकची समिती येणार होती. समिती गेली, तेव्हा दिवाळी आली.

दिवाळीनंतर धाकूबायला अर्धांगाचा झटका आला. मग मात्र दोन दिवसांत गेले. कोरी वही घेऊन गेले, याची आजही लाज वाटते. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती. मला ओळखलं. वहीकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. शब्द एकही आला नाही, पण चाल आली... अगदी तीच, कुलकर्णीकाकांच्या दोन पट्ट्यांच्या मधली. मी पेन उघडून बसले होते, आणि लिहायला काही नव्हतं. थोड्या वेळाने ती दमली. मी तिचा हात धरून माफी मागितली. तिने ऐकलं की नाही, कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. तिचं लक्ष दारातून आत-बाहेर करणाऱ्या कोंबडीकडे होतं.

तेराव्यानंतर रंजना कामावर आली आणि थेट माझ्याकडे आली. “मॅडम, तुमच्याकडे त्यांचं गाणं असेल ना? आमच्याकडे लग्नांचे व्हिडिओ आहेत, पण सगळ्यांत त्यांचा आवाज काढून वर पिक्चरची गाणी टाकलीत. बायकांना एकदा ऐकायचंय.” आमच्याकडे एकच ध्वनिमुद्रण होतं. इतक्या रविवारांत आम्हाला नेहमी वाटायचं, चांगला माइक आणू आणि मग नीट करू. होता तो फक्त सभागृहातला व्हिडिओ. तो फोनवर पाठवून मोकळं होता आलं असतं. पण तेवढं तरी समोर बसून ऐकायला हवं, असं वाटलं.

रविवारी दुपारी ओव्याला गेले. त्याच माजघरात सात-आठ बायका बसल्या होत्या. मी फोन मधे ठेवला. धाकूबायचा आवाज सुरू झाला आणि कुणीतरी पदर डोळ्यांना लावला. गावदेवी आली, बापदेव आला, खाडी आली. सासऱ्यांचं नाव आलं. आणि मग नावाच्या मधेच तो आवाज तुटला आणि माझा आवाज आला, उत्साही, छान उच्चारांचा: “धाकूबाईंचे मनापासून आभार!” टाळ्या. व्हिडिओ संपला.

मी म्हटलं, “ते मीच थांबवलं होतं.” रंजना म्हणाली, “माहितीये मॅडम, मी होते तिथे.” एवढंच. मग तिने, आयुष्यात कधी चारचौघांत न गाणाऱ्या रंजनाने, घसा साफ केला आणि तुटलेल्या नावापासून पुढे धरलं. सासऱ्यांचं नाव पुरं झालं. नणंद आली. आणखी दोघी दबक्या आवाजात मिळाल्या. मी घाईघाईने लिहू लागले. आणखी एक नाव, त्यानंतर आणखी एक... आणि तिथे तिघीही अडल्या. पुढे कोण येतं? एक म्हणाली थोरली जाऊ, दुसरी म्हणाली, नाय, आधी माहेरची येतात. वाद सुरू झाला. ओळ पुन्हा पुन्हा म्हणून पाहिली, पुन्हा तिथेच थांबली.

भिंतीला टेकून बसलेली शेजारची म्हातारी वैतागून म्हणाली, “अगो, भांडता कनाला? धाकूला इचारा ना.”

आणि आम्ही सगळ्यांनी, ती आत असावी तसं, चुलीकडच्या दाराकडे वळून पाहिलं.