आढ्याला टांगलेला नारळ

हल्ली शहरातून माणसं येतात, चावडीच्या भिंतीतल्या त्या दगडाचे फोटो काढतात आणि मला सांगतात, "आजी, हा वारसा आहे, जपा." जपा म्हणे. मग आजवर आम्ही दुसरं काय केलं?

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं रहिमतपूरकडच्या आमच्या गावाला तो दगड दिला. किती गडी गेले आणि किती कामी आले, एवढंच त्यावर कोरलेलं. नाव एकाचंही नाही. गावानं त्याला शेंदूर लावला आणि त्याचा देव केला. लढाईवर निघालेला गडी तिथं एक नारळ फोडायचा, दुसरा घरी आढ्याला टांगायचा. परत आला की तो टांगलेला नारळ दगडावर फोडायचा, खोबरं सगळ्यांना वाटायचं.

दुसऱ्या महायुद्धात माझ्या नवऱ्यानंही टांगला आणि तो ब्रह्मदेशात लढायला गेला. पुढं कागद आला, बेपत्ता. मेला असंही नाही, आहे असंही नाही.

लढाई संपली. गावानं जुन्या दगडाखाली नवा बसवायचं ठरवलं. पाटील दारात आले. "कामी आलेल्यांत तुमचा धरायचा का?"

सासूबाईंनी आढ्याकडं बोट केलं. "नारळ हाय तवर माझा ल्योक हाय. एकदा कोरलं की ती काळ्या दगडावरली रेघ. न्हाई धरायचा."

पाटलांनी दगडावर आकड्याची जागा मोकळी ठेवली.

खरं सांगते, मला वाटत होतं, धरा एकदाचा आणि सोडवा मला. कुंकू लावताना हात जड व्हायचा, पुसायचा धीर नव्हता. हळदीकुंकवाला बायका बोलवायच्या आणि माझ्यापाशी आल्या की करंडा हातात घेऊन घुटमळायच्या. लय थकले होते मी. वाट बघायचाही कंटाळा येतो, आणि त्या कंटाळ्याची लाज वाटते.

दोन वर्षांनी सासूबाई गेल्या. त्यांचं तेरावं उरकल्यावर मी नारळ उतरवला. आत गोटा खुळखुळत होता. हा फोडायचा आणि पाटलांना सांगायचं, आता धरा. एवढंच मनात घेऊन चावडीपाशी गेले. दगडावर नारळ फोडला. फोडला की वाटायचा, ही हाताची सवय. तुकडे केले आणि वाटत सुटले.

पारावर बसलेल्या एका म्हातारीनं तुकडा तोंडात टाकला. तिचा चेहरा उजळला.

"आला व्हय गं? कवा आला?"

तेव्हा कुठं मला कळलं, मी काय करून बसले ते.

"न्हाई आला, आत्ती. आता न्हाई यायचा."

हे मी तोवर मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं. खोबरं खवट झालं होतं, तरी तिनं ते थुंकलं नाही. मला जवळ ओढून बसवलं, आपल्या पदराचं टोक घेतलं आणि माझं कुंकू पुसलं. मी पुसू दिलं.