हात लावला की खेळायचं

"कॉल मी काका," असं बापट काकांनी पहिल्याच मंगळवारी सांगितलं आणि वर्गातली निम्मी मुलं हसून बाकांवर लोळायला लागली. मेक्सिकोच्या आणि रशियाच्या मुलांच्या भाषेत 'काका' म्हणजे शी, हे एका चिमुरडीनं त्यांच्या कानात सांगितलं. त्यावर सगळ्यांत जास्त वेळ तेच हसले. "असू दे. एकदा ऐकलेलं नाव कुणी विसरणार नाही," म्हणाले, आणि नाव तेच ठेवलं.

अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावातली आमची शाळा साधी सरकारीच, पण पाटीवर 'इंटरनॅशनल' असा शब्द मिरवणारी. विद्यापीठात शिकायला-शिकवायला आलेल्या जगभरच्या लोकांची मुलं तिथे होती. शाळा सुटल्यावर कुणी व्हायोलिनला जाई, कुणी कुंभारकामाला, कुणी रोबोट बनवायला. बुद्धिबळाचा क्लब काकांचा. ते मूळचे सांगलीचे, मोटारीच्या कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. माझा निनाद तिथे जायचा आणि मी स्वेटर विणत मागच्या बाकावर बसायची.

काकांच्या क्लबात प्रत्येकानं सोंगट्यांना आपापल्या घरचं नाव द्यायचं. आपला उंट रशियन मुलीचा हत्ती व्हायचा आणि सेनेगलच्या मुलाचा विदूषक. "बिशप म्हणा, पण आधी घरचं नाव घ्या," असा काकांचा दंडक. दुसरा दंडक त्याहून कडक होता: हात लावला की खेळायचं. रडा, पाया पडा, सुटका नाही. "बोटाला घाई असते राव. डोक्याला आधी विचारायचं," हे ते मराठीतच म्हणायचे आणि मुलांना बरोबर कळायचं.

२००४च्या हिवाळ्यात शाळांच्या स्पर्धा आमच्या जिममध्ये झाल्या. टेबलं कमी पडली म्हणून लहान गटाला जमिनीवर चटया टाकून बसवलं. त्या गटाचे पंच काकाच होते. शेवटचा डाव निनादचा. तो जिंकला असता तर आमची शाळा पुढच्या फेरीत जाणार होती, आणि तो जिंकतच होता. मांडी घालून पायाला मुंग्या आल्या म्हणून त्यानं पाय लांब केला, तर अंगठा पटाच्या कडेला लागला. सोंगटी एकही हलली नाही. पण पोरानं सवयीनं, काही विचार न करता, पटावरच्या आपल्या राजाला बोटं लावली आणि छातीशी नेली. पाय लागला की नमस्कार करायचा, हे त्याला दुसऱ्या वर्षापासून मीच शिकवलेलं.

समोरच्या मुलानं लगेच हात वर केला. काका आले. त्यांनी पाय पाहिला होता, नमस्कारही पाहिला होता. त्या जिममध्ये तो नमस्कार कळणारी मोठी माणसं दोनच, ते आणि मी. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "टच मूव्ह. राजा हलव."

निनादनं राजा हलवला आणि चार चालींत डाव गेला. शाळेची पुढची फेरीही गेली.

गाडीत मी त्याच्यावर भडकले. काकांवरचा राग होता, पण निघाला पोरावर. "शाळेत कशाला करायचे ते नमस्कार? इथे कोण करतं का?" त्यानंतर घरातही पुस्तकाला पाय लागला की तो माझ्याकडे बघायचा आणि तसाच पुढे जायचा. मंगळवारी क्लबला जाणं त्यानं बंद केलं.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, भुरभुर बर्फात काका दारात उभे. हातात एक पातळ पुस्तक. माझ्याशी बोलायला ते आलेच नव्हते. "निनाद, बस इथे. हे वाच," म्हणाले.

निनादनं इंग्रजी वाक्य अडखळत वाचलं. खेळण्याच्या हेतूनं हात लावला असेल, तरच ती सोंगटी हलवावी लागते, असा त्याचा अर्थ.

"तुझा हेतू काय होता?"

"सॉरी म्हणायचा."

"मग माझा निकाल चुकला. नियम मला ठाऊक होता रे. पण मराठी पोराची बाजू घेतली असं कुणी म्हणेल, याला मी घाबरलो. माझ्या भीतीपायी तुझा डाव गेला. मला माफ कर."

मी मध्येच म्हणाले, "अहो काका, हे काय? तुम्ही एवढे मोठे..."

"मोठा आहे म्हणून स्वतः आलो, सुजाता. लहान असतो तर आईनं कान धरून आणलं असतं."

"आता ते रिझल्ट चेंज करतील?" निनादनं विचारलं.

"नाही. मी पत्र लिहिलंय स्पर्धेच्या लोकांना. पण झालं ते झालं."

निनादनं पुस्तकाची पानं उलटली. मग म्हणाला, "ट्यूसडेला क्लब आहे ना?"

नागपूरला आमच्या घरी मोठ्या माणसानं लहानाला 'चुकलो' म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आई रागावली की नंतर वरणभातावर जास्तीचं तूप वाढायची, त्यात काय ते समजून घ्यायचं. काका गेल्यावर मीही तेच केलं. निनादच्या आवडीचा शिरा केला, वर चार काजू जास्त टाकले आणि गप्प बसले.

काका २००८च्या वसंतात गेले. अंत्यदर्शनाला क्लबची जुनी मुलं आली होती, काही तर माझ्यापेक्षाही उंच. परतताना गाडीत मी आणि निनाद दोघंच होतो. तो आता तेरा वर्षांचा. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी एकदाची म्हणाले, "निनाद, त्या स्पर्धेनंतर गाडीत मी तुला जे बोलले ना, ते चुकलं माझं. तुझी काही चूक नव्हती."

तो खिडकीबाहेरच बघत होता.

"आय नो, आई," तो म्हणाला. "आय वॉज वेटिंग."