दोन डोण्यांचा प्रकल्प

इतिहासाचा प्रकल्प कसा सुरू करायचा, हे मी नववीच्या मुलांना बावीस वर्षं शिकवत आलोय. माझी पद्धत अशी की पहिल्याच तासाला फळ्यावर निष्कर्ष लिहून द्यायचा. मुलं निष्कर्ष शेवटी घाईत लिहितात, अक्षर बिघडतं, आणि तपासायला येणारे साहेब नेमकं शेवटचंच पान उघडतात. म्हणून 'यावरून असे दिसून येते की आपल्या परिसराचा इतिहास अत्यंत गौरवशाली आहे' हे आधी सुवाच्य उतरवून घ्यायचं. मग विषय. मग औरंगपुऱ्यातून छापील चित्रांचा कागद आणून किल्ला कापायचा आणि चिकटवायचा. तिथला दुकानदार आमच्या शाळेचा गणवेश दिसला की न विचारता दौलताबाद काढून द्यायचा. एका वर्षी अख्ख्या वर्गाचा दौलताबाद आला. साहेबांनी 'विषयात एकवाक्यता आहे' असा शेरा दिला. तो मी मुख्याध्यापकांना दोनदा दाखवला.

सात वर्षांपूर्वी एका मुलीनं हात वर केला. लासूर स्टेशनकडच्या माझ्याच गावची, मेंढपाळ घरातली. शिकायला इथं शहरात मामाकडे राहायची.

"सर, निष्कर्ष आधीच लिवला, तर शोधायचं काय?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि तिला विषय विचारला.

"आपल्या गावात जनावरांला पाणी पाजायच्या दगडी डोण्या दोन हायेत. एक विहिरीपाशी, एक लई लांब, ओढ्याकडं. दोन कामून?"

विहीर आमच्या भावकीची. उत्तर मला पाठ होतं. मी म्हणालो, हे कुठल्या पुस्तकात नाही, संदर्भ कुठला देणार? ती म्हणाली, आजा सांगतो. त्यावर मी म्हणालो, आजा म्हणजे संदर्भग्रंथ नव्हे. वर्ग पुन्हा हसला. मला माझं वाक्य इतकं आवडलं की मधल्या सुट्टीत शिक्षकांनाही ऐकवलं. तिनं दौलताबाद चिकटवला. मी पैकीच्या पैकी गुण दिले. इतके गुण मी कुणालाच देत नसे, आणि ते का दिले हे तिलाही कळलं असावं.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. आता ती एम.ए.ला आहे, इतिहासच घेतलाय आणि प्रबंधाला विषय तोच. "आजा गेला, सर. आता डोळ्यांनी पाहिलेलं माणूस पाहिजे." मी म्हणालो, मी तेव्हा लहान होतो, आठवत नाही. तिनं बरं म्हणून फोन ठेवला. त्या आठवड्यात फळ्यावर निष्कर्ष लिहिताना माझंच अक्षर बिघडलं. शेवटी मीच तिला फोन करून ये म्हणालो.

रविवारी ती आली. मोबाइल टेबलावर ठेवून तिनं रेकॉर्डिंग सुरू केलं. मी सांगितलं. एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं, तेव्हा आमच्या थोरल्यांनी ठरवलं की मेंढरं डोणी घाण करतात. आमच्या म्हशी त्यात तोंडापेक्षा शेपट्याच जास्त बुडवायच्या, पण त्यांच्याबद्दल काही ठरलं नाही. राखणीला मला बसवलं. मी दहा वर्षांचा. तिचा आजा कळप घेऊन आला आणि म्हणाला, "धाकलं मालक, पिऊ द्या." मी काठी आडवी धरली. तो माझ्या बापाच्या वयाचा माणूस, पण कळप वळवून गेला. पुढं त्यांनी ओढ्याकडं दगड वाहून आपली डोणी केली.

एवढं बोलून मी थांबलो. मग तोंडाला सवय म्हणून म्हणालो, "यावरून असं दिसून येतं की..."

"ते राहू द्या, सर. ते मी लिहीन." तिनं वहीचं पान उलटलं. "काठी कशाची होती?"

"बाभळीची," मी म्हणालो.