मिश्रीची वेळ

सुमतीताई गेल्याचा फोन आला, तेव्हा माझ्या कानात त्यांचाच आवाज होता. सकाळचा चहा करून मी ताईंनी घेतलेल्या मुलाखती टाइप करायला बसले होते आणि रेकॉर्डिंगमध्ये ताई कुणाला तरी म्हणत होत्या, "सावकाश सांगा, मला घाई नाही." पुढचं ऐकवेना... त्याला आता महिना उलटून गेला.

लोकांची तंबाखू सुटावी म्हणून ताईंनी उभी हयात घालवली, पण तंबाखू वाईट, हे वाक्य त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं. माणसं ती का खातात, का लावतात, हे त्यांच्याकडूनच ऐकून घ्यायचं, हे ताईंचं संशोधन. भारी हट्टी बाई! एका हिवाळ्यात पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये आम्ही प्रश्नावली घेऊन गेलो, तर सगळ्या बायका "नाय बाई, आम्ही नाय लावत मिश्री" म्हणून मोकळ्या. दातांना लावायच्या त्या भाजलेल्या तंबाखूचा वास तर तिथेच येत होता. ताईंनी कागद पिशवीत कोंबले, एक कात्री मागून घेतली आणि त्यांच्यासोबत घडातले खराब मणी काढत बसल्या. "सकाळी उठल्यापासून काय काय करता, ते सांगा," एवढंच म्हणाल्या. बोलता बोलता जिजाबाई नावाची एक बाई सांगून गेली, "मिश्री लावली का तोंड भरलेलं ऱ्हातं. मंग कोणी हाक नाय मारत. तेवढंच बसाया मिळतं..." आणि गप्प झाली. ताईही गप्प राहिल्या. टाइप करताना ती शांतता मी गाळली, तर म्हणाल्या, "ठेव ती. सगळं तिथंच आहे."

त्याच हिवाळ्यात माझ्या आईच्या गालाला आतून पांढरा चट्टा आला. डॉक्टरांनी मिश्री बंद करायला सांगितली. घरचे आम्ही सगळे रागावलो, मिश्रीची डबी लपवली. आईने दुसरी आणली आणि रोजच्यासारखी सकाळी गॅलरीत मिश्री लावत बसली. मी पुरती घाबरले होते. ताई इंदिरानगरला आमच्या घरी आल्या, आईच्या माहेरच्या, पेठच्या गप्पा मारल्या आणि तोच सकाळचा प्रश्न विचारला. डबीचं नाव काढलं नाही. निघताना दारात मला म्हणाल्या, "उद्यापासून सकाळी आई गॅलरीत बसली की तिला कुणी हाक मारायची नाही. चहा तुम्ही करा, डबेही तुम्हीच भरा."

एवढ्याने काय होणार, असं मला वाटलं होतं. एका दिवसात झालंही नाही. मध्येच पुन्हा डबी निघायची, पण ताई कधी चिडल्या नाहीत. हळूहळू मिश्री सुटली, चट्टा वाढला नाही. माझी आई मला ताईंनी परत दिली. तसं म्हटलं की त्या लगेच विषय बदलायच्या.

त्या सकाळी फोन ठेवून मी आईला सांगायला धावले. ती गॅलरीत बसली होती, रिकामे हात मांडीवर ठेवून, बाहेर बघत. हाक अगदी ओठांवर आली होती... मी दारातच थांबले. ती आपणहून उठेपर्यंत रडू आवरून तशीच उभी राहिले.