टाइल्सवरची पांढरी रेघ

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज पोहण्याच्या हौदात निळ्या टाइल्सवर क्षारांची पांढरी रेघ दिसली आणि राहवेना.

"साहेब, बोअरचं पाणी जड आहे, थर धरेल," हौद सांभाळणारे दगडूमामा म्हणाले होते. तरी मीच ते सोडायला लावलं. पुढे त्या खरखरीत थराने नातीचा पाय सोलला. "बोअरचं पाणी कुणी सोडलं?" बायको कडाडली. मामांनी विश्वासाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "यांनीच." मामांचं काम सुटलं.

जड पाणीही नितळच दिसतं. आतलं काय ते सुकल्यावर कळतं.

नंतर एकदा माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, विचारलं, "छोट्या ताईंचा पाय बरा झाला का?"

"झाला," म्हणालो आणि उठलो.